मातृवंदनाचा अर्ज परत येतो तो इथे अडून

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये मिळतात. शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत नोंदणी आणि किमान एक तपासणी झाली की 3,000, आणि बाळाची जन्मनोंदणी व 14 आठवड्यांपर्यंतच्या लसी झाल्या की 2,000. दुसरं अपत्य मुलगी असेल तर 6,000 एकरकमी. सरकारी नोकरीत कायम असलेल्या बाईला लाभ नाही. पहिल्या बाळंतपणासाठी वय किमान 18 वर्षं 7 महिने लागतं. फॉर्म आशाताई किंवा अंगणवाडी सेविका भरून देतात, तो भाग सोपा.

पात्रतेच्या पुराव्याशी गाडी अडते. बहुतेकजणी 8 लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयाच्या फेऱ्या मारत बसतात. पुरावा एकच लागतो, आणि तो दाखलाच असला पाहिजे असं नाही. ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांचं), रोजगार हमीचं जॉबकार्ड, आयुष्मान कार्ड, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, 40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र, यातलं कुठलंही एक चालतं. किसान सन्मान निधीही चालतो, पण लाभार्थी ती स्वतः हवी. सातबारा सासऱ्यांच्या नावावर असेल तर सुनेला त्याचा उपयोग नाही. रेशनकार्ड देणार असाल तर ते नुसतं केशरी असून भागत नाही, त्यावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का हवा. शिवाय तिचं नाव त्यात हवं. कोकणात लग्नाला दोन वर्षं झाली तरी नाव माहेरच्याच कार्डावर राहिलेलं असतं. ते कमी करून इकडे चढवेपर्यंत बाळ रांगायला लागतं. त्यापेक्षा ई-श्रम काढा.

नावाचंही तसंच. आधारवर माहेरचं नाव असेल तर अर्ज त्याच नावाने भरा, स्पेलिंगसकट. मातृवंदनासाठी आधार बदलायच्या मागे लागू नका. नवरा मुंबईला आहे, त्याचं आधार हाताशी नाही, म्हणूनही थांबू नका, ते सक्तीचं नाही.

मुदत बहुतेकांना चुकीची कळलेली असते. पहिल्या बाळासाठी 570 दिवस मिळतात, ते शेवटच्या पाळीच्या तारखेपासून. जन्मापासून नव्हे. पाळीची तारीख 1 जून 2024 असेल तर बाळ साधारण 8 मार्च 2025 ला येतं आणि मुदत 23 डिसेंबर 2025 ला संपते. म्हणजे जन्मानंतर जेमतेम साडेनऊ महिने. दुसऱ्या मुलीसाठी मात्र जन्मापासून 270 दिवस.

पाळीची तारीख येते माता-बाल संरक्षण कार्डावरून. सासरच्या उपकेंद्रात एक कार्ड, सातव्या महिन्यात माहेरी गेल्यावर तिथे दुसरं, दोन्हींवर पाळीच्या तारखा वेगळ्या, हे सर्रास दिसतं. बाळंतपण माहेरी करायची आपली पद्धत संगणकाला कोणी सांगितलेली नाही. माहेरी जाताना जुनंच कार्ड बॅगेत टाका, तपासणी आणि लसी त्यावरच लिहून घ्या, नवं कोणी देऊ केलं तरी नको म्हणा.

मंजुरी येऊनही पैसे दिसत नाहीत, तेव्हा खातं बघा. रक्कम फॉर्मवरच्या पासबुकात जात नाही, आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलं गेलं तिथे जाते. मागे कधीतरी अंगठा देऊन उघडलेल्या आणि विसरलेल्या खात्यात ती पडून असते. बँकेत ‘केवायसी झालंय का’ एवढंच विचारू नका, ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग याच खात्याला आहे का’ असं विचारा, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी आधार याच खात्याला जोडलंय का. आधारच्या संकेतस्थळावरही ते दिसतं.

हा पैसा बाईच्या ताटासाठी आहे, तो पाचवीच्या पूजेत आणि बारशात जाऊ नये. नाचणीची भाकरी (100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम), अंडी, नीट शिजवलेला ताजा बांगडा. उपकेंद्रातून 180 दिवसांच्या लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. दोन्ही गोळ्यांत दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाच्या गोळीवर लिंबूपाणी प्या.