रीफ टाकी: पहिलं वर्ष कसं काढावं

रीफ टाकी म्हणजे प्रवाळं आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी. ती बसवून झाली की दोन-तीन आठवड्यांनी आमच्या दुकानात फोन येतो. "वाळूवर तपकिरी थर आलाय, काय टाकू?" उत्तर असतं, काही टाकू नका. हे फोनवर कोणाला पटत नाही. आम्ही काहीतरी लपवतोय असं वाटून लोक दुसरीकडून बाटली आणतात आणि महिन्याभराने पुन्हा फोन करतात. म्हणून हे पत्रक. टाकी आमच्याकडची असो वा नसो, उपयोगी पडावं.

आमचं म्हणणं एकच आहे: एका वेळी एकच बदल करा आणि त्याचा परिणाम दिसेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. नवा दिवा, नवं मीठ आणि तीन नवे मासे एकाच रविवारी आले आणि बुधवारी प्रवाळ मिटून बसलं, तर दोष कोणाला द्यायचा?

वजन, जागा आणि पंप बंद करून पाहणं

१०० बाय ५० बाय ४५ सेंटिमीटरची टाकी घेऊ. दगड-वाळू घातल्यावर, खालचा सम्प (स्टँडमधली दुसरी टाकी) धरून, तिच्यात साधारण २०० लिटर पाणी राहतं. खारं पाणी गोड्यापेक्षा जड, त्यामुळे नुसतं पाणीच २०५ किलो. काच, दगड, वाळू, स्टँड मिळून ३०० किलोच्या वर जातं. एकदा भरलेली टाकी सरकवता येत नाही. उन्हाची तिरीप जिथे पडते ती भिंत नको, आणि स्टँडखालची फरशी पातळीत आहे का हे आधीच बघून घ्या.

मासे येण्याआधी एक प्रयोग स्वतःच्या हाताने करा. सगळं सुरू असताना रिटर्न पंपाचं (सम्पमधलं पाणी नळीने वर पाठवणाऱ्या पंपाचं) बटण बंद करा आणि सम्पजवळ बसून बघा. वरच्या टाकीतलं पाणी त्याच नळीतून उलटं खाली यायला लागतं. नळीचं तोंड पाण्याच्या ५ सेंटिमीटर खाली असेल, तर या मापाच्या टाकीतून २५ लिटर पाणी खाली उतरतं. मग तोंडाशी हवा शिरते, गुडगुड असा आवाज येतो आणि पाणी थांबतं. त्या क्षणी सम्पचा काठ किमान चार बोटं मोकळा राहिला पाहिजे. राहिला नाही, तर पुढच्या वेळी वीज जाईल तेव्हा फरशी पुसायची तयारी ठेवा. चालू पंपावर सम्पमध्ये पाणी कुठवर असावं, तिथे चिकटपट्टीने खूण करा आणि त्यावर कधीही भरू नका. रिटर्नच्या नळीला पाण्याच्या पातळीलगत आम्ही एक बारीक भोक पाडून देतो, हवा लवकर शिरावी म्हणून. ते शेवाळाने बुजतं. महिन्यातून एकदा काडी घालून मोकळं करा. एवढ्याशा भोकावर किती भिस्त आहे, हे पहिल्या पुरानंतरच कळतं.

वायरींना सॉकेटच्या खाली झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी तिथेच ठिबकेल. हीटर २०० वॉटचा एक घेण्यापेक्षा १०० वॉटचे दोन घ्या. एखादा चालू स्थितीत अडकला, तरी रात्रीत टाकी उकडणार नाही. तापमान २५ ते २६ अंशांवर ठेवा.

पाणी आणि मीठ

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, बऱ्याच ठिकाणी फॉस्फेट आणि सिलिकेट, आणि जुन्या तांब्याच्या नळ्यांतून आलेलं तांबंही. माणसाला चालतं, कोळंबीला आणि प्रवाळाला चालत नाही. आरओ-डीआय फिल्टरचं (आरओनंतर उरलेले क्षार डीआयच्या रेझिनने काढलेलं) पाणी वापरा आणि टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर, शून्य आहे ना ते पाहा. आकडा हलायला लागला की डीआयचं रेझिन संपत आलं.

मीठ रीफसाठी बनवलेलंच हवं. साध्या मिठात सोडियम क्लोराइडपलीकडे फारसं काही नसतं. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट हे सगळं असतं. २०० लिटरला सात-साडेसात किलो मीठ लागतं. आधी पाणी, मग त्यात पंप फिरत ठेवून थोडं थोडं मीठ. उलट केलंत, म्हणजे मिठाच्या ढिगावर पाणी ओतलंत, तर कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो आणि पाणी दुधाळ होतं. तो साका परत विरघळत नाही.

खारेपणा हजारी ३५ (एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार) ठेवा, घनतेत सांगायचं तर १.०२६ च्या आसपास. खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्याला लावून भागत नाही. ३५ च्या प्रमाणित द्रावणावर लावा, कारण आपल्याला खरा आकडा तिथेच हवा आहे.

आता वाफेचं गणित. पाणी उडतं, मीठ उडत नाही. या टाकीतून रोज ४ लिटर पाणी उडालं आणि तीन दिवस तुम्ही भर घातली नाहीत, तर ३५ चा आकडा ३७ च्या वर जातो. भर घालायची ती नेहमी गोड्या आरओ पाण्याची. आमच्या स्वतःच्या टाकीत आम्ही हे एकदा पार उलटं केलं. दोन पांढरे कॅन शेजारी होते, एकात गोडं पाणी, एकात पाणी बदलण्यासाठी कालवलेलं खारं. आठवडाभर आपोआप भर घालणाऱ्या पंपाची नळी खाऱ्या कॅनमध्ये होती. गोगलगायी काचेवरून खाली पडून निपचित झाल्या तेव्हा कोणीतरी रिफ्रॅक्टोमीटर उचलला. तेव्हापासून आमच्याकडे गोड्या पाण्याच्या कॅनला निळं झाकण आहे, आणि तुम्हालाही आम्ही निळ्या झाकणाचाच कॅन देतो.

टाकी मुरू देणं

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जाकार्तातल्या ली चिन एंग यांनी दाखवून दिलं की जिवंत दगड (समुद्रातून जीवजंतूंसकट आणलेले), समुद्राचं पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळं टाकीत जगतात. त्यांच्या दगडांत जे राहत होतं तेच आजही टाकी चालवतं: जिवाणू. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. कोरडा दगड घेतला असेल तर या वसाहती आपल्याला वसवाव्या लागतात; यालाच टाकी मुरवणं म्हणतात.

मासा टाकून टाकी मुरवू नका. बाटलीतला अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन भाग) घाला, सोबत जिवाणूंची बाटली, आणि थांबा. आधी अमोनिया उतरेल, मग नायट्राइट चढेल, मग तेही उतरेल. पुन्हा २ पीपीएम घातल्यावर २४ तासांत दोन्ही शून्यावर आले, तर टाकी तयार. तीन ते सहा आठवडे लागतात. या काळात दिवा लावू नका; कोणी घरात बसलेलंच नसताना शेवाळाला कशाला बोलवायचं?

तो तपकिरी थर याच्या पुढचा अंक. नव्या दगडातून आणि वाळूतून सिलिकेट सुटतं, त्यावर डायटम (सूक्ष्म शैवाल) वाढतात. सिलिकेट संपलं की ते आपोआप जातात. मग हिरवं शेवाळ येतं. त्यासाठी ट्रोकस गोगलगायी आणि थोडे हर्मिट खेकडे आणा, खाणं घालताना हात आखडता घ्या. एक वेगळा प्रकार मात्र ओळखायला शिका: तपकिरी, तारेसारखा लोंबणारा चिकट थर, ज्यात बुडबुडे अडकलेले असतात आणि जो रात्री विरळ होऊन दिवसा परत दाटतो. ते बहुधा डायनोफ्लॅजलेट, एक प्रकारचे सूक्ष्म जीव. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेले की ते माजतात. तिथे आणखी साफसफाई केली तर दुखणं वाढतं. नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ एवढं राहू द्या. शून्य हा चांगला आकडा आहे हा गैरसमज आम्हीच विक्रेत्यांनी पूर्वी पसरवला.

मासे

पहिली जोडी बहुतेकांना क्लाऊनफिशची हवी असते, आणि ती निवड चुकीची नाही. दोन लहान पिल्लं एकत्र आणा. सगळे नर म्हणून जन्मतात. त्यातला दांडगा पुढे मादी होतो. क्लाऊनफिश ज्यात राहतो ते समुद्रफूल लगेच आणू नका, टाकी वर्षाची झाल्यावर बघू.

निळा टँग या टाकीत आम्ही देत नाही. तो ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. मँडरिनही नाही, तो दिवसभर दगडांवरचे बारीक कोपेपॉड (कोळंबीच्या जातकुळीचे सूक्ष्म जीव) टिपत असतो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो. फायरफिश चालेल, पण वर जाळी हवी, तो उडी मारतो.

प्रत्येक नवा मासा किमान चार आठवडे वेगळ्या साध्या टाकीत ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मुख्य टाकीत शिरला, तर त्यावरचं तांब्याचं औषध तिथे घालता येत नाही. कोळंबी, गोगलगायी, प्रवाळं सगळं मरतं. मग सगळे मासे बाहेर काढून टाकी अडीच महिने माशांविना ठेवायची. चार आठवडे त्यापेक्षा स्वस्त पडतात.

प्रवाळं आणि केएच

आधी मश्रूम, झोअँथिड, लेदर ही मऊ प्रवाळं. तीन-चार महिने ती उघडी, टवटवीत राहिली, तर हॅमर, डंकन यांसारखी मांसल, कठीण सांगाड्याची. अ‍ॅक्रोपोरा वर्षभरानंतर, आणि आकडे स्थिर असतील तरच. कठीण सांगाड्याची सगळी प्रवाळं वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि काही देशांचे कायदे त्याहून कडक आहेत. काही ठिकाणी प्रवाळ बाळगताच येत नाही. तुमच्याकडचा नियम आधी विचारून घ्या. प्रवाळ नसलेली, नुसत्या दगडांची आणि माशांची टाकीही देखणी होते.

प्रवाळाचं बहुतेक पोट त्याच्या आत राहणारं सूक्ष्म शैवाल भरतं, म्हणून दिवा महत्त्वाचा. पण जास्त दिवा म्हणजे जास्त वाढ, असं नाही. नवा दिवा ४० टक्क्यांवर सुरू करा आणि महिनाभरात हळूहळू वाढवा. एका दिवसात पूर्ण केलात तर प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं.

कठीण प्रवाळं आली की एक आकडा रोजचा होतो: केएच, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं अंशांत मोजलेलं प्रमाण. सांगाडा बांधताना प्रवाळ कॅल्शियम आणि कार्बोनेट ठरलेल्या प्रमाणात उचलतं. केएच २.८ अंश उतरतो तेव्हा कॅल्शियम २० पीपीएमच उतरतं. म्हणजे केएच ८ वरून ५ वर आला तर धोका समोर दिसतो, पण तेव्हा ४२० चं कॅल्शियम ४०० वर आलेलं असतं आणि सगळं ठीक वाटतं. म्हणून केएच मोजा.

आमच्या किटमध्ये १० मिली पाणी घ्यायचं आणि एकेक थेंब टाकून दर वेळी बाटली हलवायची. पाणी निळं असतं, मग हिरवट होतं, मग एका थेंबाला पिवळं पडतं. तो थेंब धरून जितके थेंब, त्याच्या निम्मा केएच. समजा सोमवारी १७ थेंब, म्हणजे ८.५, आणि काही न घालता शनिवारी १५ थेंब, म्हणजे ७.५. पाच दिवसांत एक अंश, रोजचा खप ०.२. या टाकीत केएच एक अंश वाढवायला खाण्याचा सोडा साधारण ६ ग्रॅम लागतो, म्हणजे रोज १.२ ग्रॅम, आरओ पाण्यात विरघळवून, वाहत्या जागी. दिवसात एक अंशाहून जास्त कधीही चढवू नका. ७ ते ९ मधला कुठलाही आकडा चालेल; हलता आकडा चालत नाही.

सोड्यातून कॅल्शियम मिळत नाही, तेव्हा खप वाढल्यावर चुन्याची निवळी हा आमचा आवडता उपाय. एक लिटर आरओ पाण्यात दीड ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, झाकण लावून ठेवायचं, साका बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी भर म्हणून रात्री थेंब थेंब सोडायचं. कॅल्शियम आणि केएच दोन्ही योग्य प्रमाणात मिळतात, आणि रात्री उतरणारा पीएचही सावरतो. ही निवळी हाताला आणि डोळ्याला जाळते. एकदम ओतली तर टाकीलाही.

काय कधी घ्यावं

पहिल्या सहा महिन्यांत आमच्या दुकानातलं बरंचसं सामान तुम्हाला लागत नाही. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), एक-दोन वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारे पंप), आपोआप भर घालणारा पंप आणि चांगली टेस्ट किट पुरेत. यातही पैसे कमी असतील तर दिवा साधा घ्या, भरीचा पंप सोडू नका. डोसिंग पंप (सोडा वगैरेचं द्रावण ठरलेल्या मापाने सोडणारा) केएचचा खप वहीत दोन महिने दिसल्यावर. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मात्र पहिल्या दिवसापासून घरात असू द्या. वीज गेली की आधी प्राणवायू संपतो, गारवा-उष्मा नंतरची गोष्ट. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदला, सारख्याच तापमानाचं आणि खारेपणाचं.

हात आणि डोळे सांभाळा

काही झोअँथिड आणि पॅलिथोआ जातींत पॅलिटॉक्सिन असतं, फार जहाल विष. ही प्रवाळं कापताना हातमोजे आणि चष्मा घाला. ती चिकटलेला दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने घासू नका. वाफेतून विष श्वासात जातं आणि घरातले सगळे आजारी पडू शकतात. दगड फुकट मिळालाय म्हणून 'निर्जंतुक' करायला निघालात, तर आधी आम्हाला विचारा.

आम्हाला फोन करण्याआधी

एक वही टाकीजवळ ठेवा: तारीख, तापमान, खारेपणा, केएच, आणि त्या दिवशी काय नवं केलं. आम्ही पहिलं हेच विचारतो. पाणी तपासायला आणणार असाल तर स्वच्छ बाटली टाकीच्याच पाण्याने तीनदा विसळा, पाण्याखाली धरून काठोकाठ भरा आणि झाकण आतच लावा, हवा राहायला नको. त्याच दिवशी आणा. बाटलीवर वेळही लिहा, कारण सकाळचा आणि संध्याकाळचा पीएच सारखा नसतो.