ठिसूळ हाडांचा मुलगा आणि त्याचे घोडे

उत्तर-दृक्प्रत्ययवादी (पोस्ट-इम्प्रेशनिस्ट) चित्रकार आंरी द तुलूझ-लोत्रेक याचे नाव निघाले की पॅरिसमधल्या मूलाँ रूज या नृत्यगृहाच्या नर्तकी आठवतात. पण त्याच्या किशोरवयातील रेखाटनांत दाटी आहे ती घोडे, शिकारी कुत्री आणि घरातल्या माणसांची. एखाद्या पानावर घोड्याची मान एका फटकाऱ्यात वळलेली दिसते, तर शेजारीच कुणाचा तरी चेहरा एका बाजूने टिपलेला असतो.

१८६४ साली अल्बी येथे जन्मलेल्या आंरीचे डाव्या मांडीचे हाड १८७८ मध्ये साध्या पडण्याने मोडले आणि पुढच्याच वर्षी उजव्या मांडीचेही. त्याची उंची सुमारे १५२ सेंटिमीटरवर थांबली. मारोतो आणि लामी या फ्रेंच डॉक्टरांनी १९६२ मध्ये पिक्नोडिसॉस्टोसिस या हाडांच्या आनुवंशिक विकाराचे वर्णन केले आणि पुढे तो लोत्रेकला असावा असे सुचवले. आपले हाड सतत झिजवले आणि नव्याने बांधले जाते. जुने हाड खरवडणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी त्यातील कोलॅजेन हे प्रथिन तोडण्यासाठी कॅथेप्सिन के हे विकर (एन्झाइम) वापरतात. पिक्नोडिसॉस्टोसिसमध्ये याच विकराच्या जनुकात दोष असतो, हे १९९६ मध्ये सिद्ध झाले. विकर नसले की जुने हाड साचत जाते, घट्ट होते, तरी खडूसारखे सहज मोडते. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून यावे लागते. आंरीच्या दोन्ही आज्या सख्ख्या बहिणी होत्या, म्हणजे आईवडील मावसभावंडे. (आपल्याकडे मामेबहीण चालते, मावसबहीण चालत नाही, जनुकांना मात्र हा भेद ठाऊक नसतो.) तरीही डीएनए तपासणी कधी झालेली नाही आणि काही तज्ज्ञांना हे निदान मान्य नाही.

अंथरुणाला खिळल्यामुळे तो चित्रकार झाला, ही लाडकी समजूत मला पटत नाही, कारण हाडे मोडण्यापूर्वीच शाळेच्या वह्यांचे समास त्याने चित्रांनी भरले होते. आजारपणाने सवड दिली, नजर नव्हे. वडील घोडे आणि शिकारीचे वेडे होते, आणि घोडे रंगवणारे बहिरे चित्रकार रने प्रँस्तो हे त्यांचे स्नेही. आंरी त्यांची चित्रे समोर ठेवून नक्कल करीत शिकला.

१८८२ मध्ये तो पॅरिसमध्ये लेओं बॉना यांच्याकडे गेला, तेव्हा त्या नामांकित गुरूने त्याचे रेखाटन भयंकर असल्याचा शेरा मारला, असे आंरीनेच पत्रात कळवले आहे.