पिन जळलेली नाही

हातात मावणाऱ्या लिनक्स बोर्डाला (म्हणजे एकाच पाटीवरच्या छोट्या संगणकाला) एखादं बटण किंवा सेन्सर जोडला आणि तो चालला नाही, की पहिला निकाल ठरलेला असतो: "पिन जळली." मीही हा निकाल बरेचदा देऊन बसलोय, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तोंडघशी पडलोय. पिन कधी जळतच नाही असं नाही. ३.३ व्होल्टच्या पिनला ५ व्होल्ट दिले तर ती जाते, कधी कधी प्रोसेसरलाही सोबत घेऊन जाते. पण बहुतेकदा पिन ठणठणीत असते. आपण तिच्याकडून एका कामाची अपेक्षा करत असतो आणि तिला नेमलेलं असतं भलत्याच कामावर.

हे "नेमणं" काय असतं ते बीगलबोन ब्लॅक या बोर्डावर छान दिसतं. त्यातला टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचा एएम३३५८ प्रोसेसर म्हणजे १५ मिलिमीटर बाजूचा चौरस, आणि त्याच्या पोटाखाली सोल्डरचे ३२४ गोळे. बाहेरच्या जगाशी संबंध फक्त या गोळ्यांमधून. त्यातले कितीतरी वीज, ग्राउंड आणि मेमरीतच खर्ची पडतात. आत मात्र गर्दी आहे: सहा यूआर्ट, तीन आय-टू-सी, दोन एसपीआय (ही तिन्ही इतर चिप्सशी बोलायची साधनं), डिस्प्ले, इथरनेट, शिवाय ३२-३२ रेषांच्या चार जीपीआयओ बँका (जीपीआयओ म्हणजे प्रोग्रॅमने नुसतं ० किंवा १ लिहायची वा वाचायची साधी रेषा). एवढ्यांना स्वतंत्र पाय द्यायचे तर चिप बरीच मोठी करावी लागेल. म्हणून एका गोळ्यामागे आठपर्यंत कामं रांगेत उभी असतात आणि एका वेळी एकालाच आत सोडलं जातं. याला पिन मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. रोजच्या बोलण्यात पिनमक्स.

इथे नावांचा घोळ सुरू होतो. बोर्डावर पी८ आणि पी९ असे ४६-४६ पिनांचे दोन हेडर, म्हणजे वायर खोचायच्या पट्ट्या, आहेत. पी९ वरची १२ नंबरची पिन घ्या. प्रोसेसरच्या खाली ती यू१८ हा गोळा, जीपीआयओच्या भाषेत बँक १ मधली रेषा २८, जुन्या लिनक्सच्या हिशेबात १ × ३२ + २८ म्हणजे ६०, आणि पिनमक्सच्या यादीत ३० वी. एकाच बाईला माहेरी, सासरी, शाळेत आणि रेशनकार्डावर वेगवेगळी नावं असावीत तसं. अर्ध्या तक्रारी चुकीच्या नावाने हाक मारल्यामुळेच निर्माण होतात, आणि त्या सोडवायला हेडरचा तक्ता समोर ठेवण्यापलीकडे काही लागत नाही. त्यात फार रमण्यासारखं काही नाही.

रमण्यासारखी गोष्ट पुढे आहे. प्रत्येक गोळ्यामागे प्रोसेसरमध्ये एक रजिस्टर, म्हणजे सेटिंग साठवणारा छोटा कप्पा, असतं, आणि त्यातले खालचे सात बिट म्हणजे त्या पिनची अख्खी कुंडली (ग्रहांची नव्हे, ही वाचून खात्रीने भाकीत करता येतं). सर्वांत खालचे तीन बिट आठांपैकी कोणतं काम ते सांगतात. तिथे ७ असेल तर पिन साधी जीपीआयओ. चौथा बिट आतला पुल रेझिस्टर चालू की बंद ते ठरवतो, आणि त्याची रीत उलटी आहे: शून्य म्हणजे चालू. पाचवा बिट तो रेझिस्टर पिनला वर ३.३ व्होल्टकडे ओढेल की खाली ग्राउंडकडे, ते सांगतो. सहावा बिट पिनचा कान. तो १ असेल तरच बाहेरचा व्होल्टेज आत ऐकू येतो. सातवा सिग्नल किती झटकन चढावा-उतरावा याचा; त्याला आज सोडून देऊ.

या कानाने माझी एक रात्र खाल्ली. पी९ च्या १२ वर एक बटण लावलं होतं, दुसरं टोक ग्राउंडला. आतला पुल-अप (वर ओढणारा रेझिस्टर) चालू, त्यामुळे बटण मोकळं असताना पिनवर ३.३ व्होल्ट आणि दाबल्यावर शून्य दिसायला हवं. मल्टिमीटर अगदी तेच दाखवत होता. प्रोग्रॅम मात्र दाबा नाहीतर सोडा, शून्यच वाचायचा. वायर बदलली, बटण बदललं, शेवटी बोर्डही बदलला. शून्य ते शून्यच. दुसरा बोर्डही तसाच वागला तेव्हा कुठे "पिन जळली" हा शब्द मी मागे घेतला.

मग कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, डीबग फोल्डरमधली पिनांची यादी उघडली, जी खरं तर पहिल्या पाच मिनिटांत उघडायची असते. ३० व्या ओळीत हेक्साडेसिमल (सोळावर आधारलेल्या मोजणीतला) १७ हा आकडा होता. बायनरीत ००१०१११. उजवीकडून वाचा: १११, म्हणजे काम सात, जीपीआयओ, बरोबर. मग ०, पुल चालू. मग १, वरच्या दिशेने. आणि मग ०. कान बंद! एलईडी लावण्यासाठी लिहिलेली ओळ मी उचलली होती आणि त्यात फक्त पुलची दिशा बदलली होती. एलईडीला ऐकायचं काहीच नसतं, म्हणून तिथे हा बिट शून्य असला तरी कुणाला पत्ता लागत नाही. मला ३७ हवं होतं, ०११०१११. सगळा फरक एका बिटाचा.

पण प्रोग्रॅममध्ये मी पिनला "इनपुट" म्हटलं होतं, त्याचं काय? ते सांगणं जीपीआयओ बँकेपर्यंत पोचतं, आणि कानाचा बिट तिच्या अखत्यारीत येत नाही. एका खात्याने परवानगी दिली, दुसऱ्याच्या दाराला कुलूप. रास्पबेरी पायच्या पहिल्या पिढीतल्या बीसीएम२८३५ मध्येही प्रत्येक पिनला आठ पर्याय आहेत, पण "इनपुट" आणि "आउटपुट" हे त्या आठांतलेच दोन. त्यामुळे हा विशिष्ट अपघात तिथे होत नाही.

आता हुशार वाचक म्हणेल, रजिस्टरचा पत्ता ठाऊक आहे, मी रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला यूजर, आहे, सरळ तिथे ३७ लिहून टाकतो. मीही तेच केलं. कमांड निमूटपणे चालली, तक्रार नाही. पुन्हा वाचलं तर १७. कारण फार सुंदर आहे. हा प्रोसेसर पिनमक्सच्या रजिस्टरात लिहायची मुभा फक्त विशेषाधिकार मोडमध्ये देतो, आणि त्या मोडमध्ये फक्त कर्नल धावतो. रूट हा लिनक्सच्या लेखी राजा असेल, पण त्याने चालवलेला प्रोग्रॅम सिलिकॉनच्या लेखी साधा यूजर मोडमधला प्रोग्रॅमच. बाकीच्या पुष्कळ रजिस्टरांत रूटला असं लिहिता येतं, म्हणून इथली फसगत आणखी गोंधळात टाकते.

त्यामुळे आकडा बदलायचा तो डिव्हाइस ट्रीमध्ये. बोर्डावर काय काय आहे आणि कोणती पिन कुणाची, हे कर्नलला बूट होताना सांगणारं ते वर्णन. एका पिनवर दोघांनी हक्क सांगितला तर कर्नल दुसऱ्याला नकार देतो आणि तसं लॉगमध्ये लिहितो. पी८ वर २७ ते ४६ या पिना मूळ मांडणीत एचडीएमआयकडे असतात, तिथे ही भांडणं हमखास सापडतात. त्यांतल्या ३१ ते ४६ आणखी नाजूक: वीज आल्या क्षणी प्रोसेसर त्यांवरचे व्होल्टेज वाचून कुठून बूट व्हायचं ते ठरवतो. मेमरी कार्डावरून बूट करण्यासाठी दाबून धरायचं एस२ बटण पी८ ची ४३ नंबरची पिनच ग्राउंडला नेतं. तिथे आपलं काही जोडून ठेवलं आणि बोर्ड सुरूच झाला नाही, तर दोष त्या जोडणीत शोधा.

आणि एक भूत उतरवायलाच हवं. "मी जवळ बसलो की चालतं, उठलो की बंद," असं शपथेवर सांगणारे भेटतात. त्यांचा अनुभव खरा असू शकतो, फक्त त्यात हातगुणाचा वाटा नसतो. पुल बंद आणि बाहेरून काही जोडलेलं नाही, अशी पिन अधांतरी असते. तिच्यात करंट जवळपास जातच नाही, म्हणून हवेतला क्षीणसा विद्युत प्रभावही तिला ० वरून १ वर ढकलू शकतो. आपलं शरीर घरातल्या वायरिंगची गुणगुण पकडणारा बऱ्यापैकी अँटेना आहे. पुल चालू करा, भूत जातं.

माझ्या बटणाकडे परत. ३७ लिहिलं, डिव्हाइस ट्री पुन्हा कंपाइल केली, बोर्ड रिबूट केला, यादीत ३७ दिसलं. बटण एकदा दाबलं आणि प्रोग्रॅमने मोजलं चार वेळा. हा मात्र पिनमक्सचा दोष नव्हता. बटणातले धातूचे पत्रे एकमेकांवर आपटून काही मिलिसेकंद उड्या मारतात, आणि आता कान उघडा असल्यामुळे पिन ती प्रत्येक उडी ऐकत होती.