आबेल मुताई आणि 'ऑलिम्पिकमधला धक्का'

केनियाचा आबेल मुताई ऑलिम्पिकच्या शर्यतीत रेषेआधीच थांबला, मागच्या स्पॅनिश धावपटूने त्याला ढकलून जिंकवलं, हा मेसेज तुम्हालाही कधी ना कधी आला असेलच. प्रसंग खरा आहे, पण तो ऑलिम्पिकमधला नाही. २ डिसेंबर २०१२ रोजी स्पेनमधल्या नवारा प्रांतात, बुर्लादा गावी झालेल्या क्रॉसकंट्री शर्यतीतला आहे. शर्यत संपली असं समजून मुताई रेषेच्या दहाएक मीटर अलीकडे थांबला. मागून येणारा स्पॅनिश धावपटू इवान फर्नांडेस अनाया याने त्याला ढकललं नाही. तो मागेच राहिला आणि हातवारे करत त्याला रेषेपार नेलं. इवानचे प्रशिक्षक, १९९५चे मॅरेथॉन विश्वविजेते मार्टिन फिझ, यांना मात्र शिष्याने संधी घालवली असंच वाटलं. मेसेजमध्ये हे कुठेच नसतं!

मला खरं खटकतं ते वेगळंच. या गोष्टीत मुताई फक्त गोंधळलेला माणूस उरतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडन ऑलिम्पिकमध्ये त्याने ३००० मीटर स्टीपलचेसचं कांस्यपदक जिंकलं होतं. त्या शर्यतीत २८ अडथळे असतात, शिवाय सात वेळा पाण्यावरून उडी. बुर्लादातही तो पहिलाच होता, आणि स्वतःच्या पायांवर.