बालदंतोपचारातील गुंगी

लहान मुलाच्या दातांवर उपचार करताना त्याची भीती आणि हालचाल आटोक्यात ठेवण्यासाठी शामक औषध देण्याची पद्धत. तिला सेडेशन असेही म्हणतात. तोंडावाटे किंवा नाकावाटे दिलेल्या शामकाने मूल शांत होते, पण ठणका थांबत नाही. त्यामुळे दात काढताना हिरडीत लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन द्यावेच लागते. बरीच मुले मात्र गोड बोलून, आरसा-ड्रिल आधी दाखवून आणि हिरडीला बधिर करणारी जेल लावूनच तोंड उघडतात. औषधाचा विचार त्यानंतर.

सर्वांत सौम्य उपाय म्हणजे नायट्रस ऑक्साइड व ऑक्सिजन यांचे मिश्रण, बोलीत लाफिंग गॅस. होरेस वेल्स या अमेरिकी दंतवैद्याने १८४४ मध्ये हा वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली होती. मुलांना तो सहसा ३० ते ५० टक्के प्रमाणात नाकावरच्या मास्कमधून देतात. मूल जागेच असते, सांगितलेले ऐकते. शेवटी सुमारे पाच मिनिटे शुद्ध ऑक्सिजन दिला की तरतरीत होते. अडचण एकच: नाकाने श्वास घ्यायला हवा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात सर्दीने नाक चोंदलेल्या किंवा मास्क झिडकारणाऱ्या पोरावर त्याचा उपयोग नाही.

मग मिडाझोलाम हे शामक औषध. ते सरबतात कालवून पाजतात किंवा नाकात फवारतात. पाजलेले औषध २० ते ३० मिनिटांत लागू पडते. काही मुले गुंगण्याऐवजी उलट चिडतात. मूल अपेक्षेपेक्षा खोल गुंगीत जाऊन त्याचा श्वास मंदावू शकतो, म्हणून पल्स ऑक्सिमीटर आणि नजर ठेवणारा प्रशिक्षित माणूस हवाच. दात कोरणाऱ्याच डॉक्टरने दोन्ही सांभाळणे धोक्याचे.

खूप दात किडलेले असतील, मूल अगदी लहान किंवा विशेष गरजांचे असेल, तर रुग्णालयात भूलतज्ज्ञाकडून पूर्ण भूल देऊन सगळे काम एकाच बैठकीत उरकतात.

पथ्य बहुधा घरीच मोडते. मिडाझोलाम किंवा पूर्ण भुलेआधी पाणी दोन तास, आईचे दूध चार तास, इतर दूध व हलके खाणे सहा तास बंद ठेवावे लागते. कोल्हापुरातल्या गंगावेशीतल्या कट्ट्यावरचे म्हशीचे धारोष्ण दूध आजीला पाण्यासारखे पातळ वाटते, पण पोटात त्याचे दही होते आणि भुलेत ते उलटून श्वासनलिकेत जाऊ शकते. नुसत्या लाफिंग गॅससाठी एवढी सक्ती बहुधा नसते.

मिडाझोलामनंतर मूल नीट जागे होईपर्यंत दवाखान्यातच ठेवतात. घरी नेताना मोटारसायकलवर आई-बाबांच्या मध्ये बसवू नये: मान पुढे कलली की श्वासाची वाट दबते. गगनबावड्याकडचे मूल असेल तर कोल्हापूरपासूनच्या ५५ किलोमीटरच्या वाटेसाठी चारचाकी हवी, आणि चालवणाऱ्याखेरीज मुलाकडे बघणारे आणखी एक मोठे माणूस.