ऑर्गन माउंटन्स–डेझर्ट पीक्स राष्ट्रीय स्मारक

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील लास क्रूसेस शहराभोवतीचा संरक्षित वाळवंटी डोंगराळ प्रदेश. क्षेत्र ४,९६,३३० एकर (सुमारे २,००० चौ. किमी.). स्मारक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुतळा नाहीतर समाधी येते. इथे डोंगर, घळी, लाव्हाची पठारे आणि निवडुंग हेच स्मारक आहे. केंद्र सरकारच्या मालकीच्या जमिनीवरील ऐतिहासिक व शास्त्रीय मोलाच्या जागा राखून ठेवण्याचा अधिकार १९०६ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांना दिला. त्यानुसार बराक ओबामा यांनी २१ मे २०१४ रोजी या प्रदेशाची घोषणा केली.

शहराच्या पूर्वेला उभे असलेले ऑर्गन डोंगर म्हणजे ग्रॅनाइटच्या उभ्या सुळक्यांची रांग. सर्वांत उंच सुळका सुमारे २,७४० मी. आहे. चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्या जशा ओळीने उभ्या असतात तसे हे सुळके दिसतात, म्हणून स्पॅनिश लोकांनी हे नाव दिले. (संगीत नाटकांच्या साथीचा पायपेटीचा ऑर्गन इथे डोळ्यांपुढे आणू नये, त्याला अशा नळ्या नसतात.) डोंगराची मोठी बाजू पश्चिमेकडे, शहराकडे तोंड करून असल्याने मावळतीचे ऊन थेट कड्यांवर पडते आणि राखाडी दगड काही मिनिटे गुलाबी, मग जांभळा होतो. याच डोंगरांच्या ओलसर घळींमध्ये संध्याकाळी उमलणारे एक पिवळे फूल आढळते. ते जगात दुसरीकडे कुठेही नैसर्गिकरीत्या उगवत नाही.

नैर्ऋत्येकडचा पोत्रीयो भाग अगदी वेगळा. तिथे ज्वालामुखींच्या शंकूंची दाटी आहे. किलबोर्न होल हे प्रचंड विवर वर चढणारा तप्त शिलारस आणि भूजल एकत्र येऊन झालेल्या स्फोटांतून बनले. त्याच्या काठावरचा काळा दगड फुटलेला असेल, तर आत ऑलिव्हिन या खनिजाचे हिरवे, काचेसारखे दाणे चमकताना दिसतात. स्फोटाने ते पृथ्वीच्या प्रावरणातून, म्हणजे कवचाखालच्या थरातून, वर आणलेले आहेत. चंद्रावर जाणाऱ्या अपोलो मोहिमांच्या अंतराळवीरांनी इथे भूशास्त्राचा सराव केला होता.

माणसाच्या खुणाही विपुल आहेत: खडकांवर कोरलेली प्राचीन चित्रे, एकोणिसाव्या शतकातील टपालगाड्यांची वाट, आणि ड्रिपिंग स्प्रिंग्ज येथे आधी हॉटेल व पुढे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम असलेल्या इमारतींचे अवशेष.

संरक्षण म्हणजे कुंपण नव्हे. ही जमीन विकता येत नाही, तिच्यावर खाणकामाचे नवे हक्क मिळत नाहीत. पण गुरे चारण्याचे जुने परवाने चालू आहेत, नियमांत राहून शिकार करता येते, आणि कोणीही पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन वाट धरू शकतो. सर्वांनाच हे पटले असे नाही. काही पशुपालकांचा विरोध होता, आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्मारकांच्या फेरविचारात हेही घेतले. सीमा मात्र कायम राहिल्या. त्यानंतर २०१९ च्या कायद्याने यातील सुमारे २,४१,००० एकर जमीन दहा ‘वन्यक्षेत्रां’त (जिथे रस्ते व मोटारींना मज्जाव असतो) राखून ठेवली. राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेपेक्षा हा आधार पक्का, कारण तो काढायचा तर संसदेलाच नवा कायदा करावा लागेल.

२०२४ मध्ये घोषणेला दहा वर्षे झाली, आणि लास क्रूसेसने ती साजरी केली. ज्या डोंगराकडे पाहून शहर रोज संध्याकाळ झाल्याचे ओळखते, तो कुणा एकाच्या नावावर नाही, याचा तो आनंद होता.