दोनशे नायक आणि अंगठ्याच्या नखाएवढी नजर

अमेरिकी कॉमिक्स चित्रकार जॉर्ज पेरेझ यांनी २००३ साली काढलेलं एक मुखपृष्ठ गेले कित्येक दिवस माझ्या टेबलावर आहे. डीसी आणि मार्व्हल या कायम एकमेकींशी चढाओढ करणाऱ्या दोन अमेरिकी कॉमिक्स कंपन्यांनी मिळून, डीसीचा 'जेएलए' आणि मार्व्हलचा 'ॲव्हेंजर्स' हे आपापले सुपरहिरोंचे संघ एकत्र आणणारी 'जेएलए/ॲव्हेंजर्स' ही चार अंकांची मालिका काढली होती, तिच्या तिसऱ्या अंकाचं हे मुखपृष्ठ. तोवर या दोन संघांत जे जे कोणी येऊन गेलं, ते सगळे या एका चित्रात आहेत. दोनशेहून जास्त पात्रं! आणि एकही चेहरा 'मागची गर्दी' म्हणून उरकलेला नाही. मुखवट्याच्या कडा, चिलखताचे सांधे, केसांची वळणं, सगळं ज्याचं त्याचं, ज्याच्या त्याच्या जागी.

असं चित्र पाहिलं की तोंडून पहिलं वाक्य निघतं, "बापरे, केवढं बारीक काम!" ती दाद मनापासूनचीच असते. पण मला त्याच्या पुढचा प्रश्न सुटत नाही. आपले डोळे ज्या रीतीने घडलेले आहेत, ते बघता असं चित्र म्हणजे नुसता गोंधळ दिसायला हवा होता. तो का दिसत नाही?

हात समोर ताठ धरा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. एका क्षणी डोळ्याला खरोखर स्वच्छ दिसतं ते जवळपास एवढंच. दृष्टिपटलाच्या मध्यभागी साधारण दीड मिलिमीटर रुंदीचा एक खळगा असतो. रंग आणि बारकावे टिपणाऱ्या पेशी तिथे दाटीवाटीने बसलेल्या असतात, आणि सगळ्यात तीक्ष्ण नजर त्या खळग्याच्याही मधल्या भागात. तिथून बाहेर सरकलं की तपशील झपाट्याने विरत जातो. सगळं दृष्टिपटल इतकं तीक्ष्ण असतं, तर डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस कुठल्या कुठे जाड करावी लागली असती. आहे त्या नसेत सुमारे १० लाख तंतू आहेत आणि तेवढ्यातच भागवायचं आहे. म्हणून डोळा एकाच जागी पुरती ताकद लावतो आणि ती जागा सतत हलवत राहतो. सेकंदाला तीनेक वेळा बुबुळं टुणकन उडी मारतात, क्षणभर थांबतात, पुन्हा उडी मारतात. उडी चालू असताना आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही, आणि तेही आपल्याला कळत नाही.

आता हाच हिशेब कॉमिक्सच्या पानावर मांडू. पान डोळ्यांपासून ४० सेंटीमीटरवर धरलं, तर स्वच्छ नजरेचं वर्तुळ साधारण १.४ सेंटीमीटरचं पडतं. शर्टाच्या बटणापेक्षा थोडंसंच मोठं. अमेरिकी कॉमिक्सचं पान साधारण १७ बाय २६ सेंटीमीटरचं असतं. म्हणजे ते पूर्ण झाकायला अशी पावणेतीनशेच्या आसपास बटणं लागतील. सेकंदाला तीन या गतीने सगळं पान नजरेखालून घालायचं, तर दीड मिनिट! गोष्ट वाचताना एका पानावर इतका वेळ कोण थांबतं? आपण दहा-पंधरा ठिकाणी नजर टेकवतो आणि पान उलटतो. उरलेलं सगळं कडेच्या नजरेने पाहिलेलं असतं.

कडेच्या नजरेचा दोष नुसत्या धूसरपणाचा नाही. १९७० मध्ये हर्मन बौमा या डच संशोधकाने अक्षरांवर प्रयोग करून दाखवलं, की नजरेच्या बाजूला असलेलं एकटं अक्षर वाचता येतं, पण शेजारी दुसरी अक्षरं आणून ठेवली की तेच अक्षर हरवतं. अक्षर तितकंच मोठं, तितकंच काळं, तरीही शेजाऱ्यांत मिसळून जातं. ढोबळ नियम असा, की नजर जिथे टेकली आहे तिथून वस्तू जितकी लांब, त्याच्या निम्मी मोकळी जागा तिच्याभोवती हवी. तुम्ही चित्राच्या मध्यभागी बघत असाल आणि एखादा चेहरा तिथून १० सेंटीमीटरवर असेल, तर त्याच्या भोवती ५ सेंटीमीटर रिकामं हवं. दोनशे पात्रांच्या चित्रात एवढी जागा आणायची कुठून? त्यामुळे मधे नजर ठेवली की कडेची माणसं वेगवेगळी राहत नाहीत, त्यांचा एक पोत होतो. गोधडीवरचे टाके लांबून दिसावेत तसा.

थोर चित्रकार आणि नुसता मेहनती चित्रकार यांच्यातला फरक मला इथे दिसतो. मेहनती माणूस प्रत्येक बटणाएवढा तुकडा सुंदर काढतो. पेरेझ यांच्यासारखा माणूस त्या तुकड्यांच्या आधी पोताची रचना लावतो. डोळे अर्धवट मिटून त्यांचं एखादं गर्दीचं पान बघा. चित्रकलेच्या वर्गात शिक्षक हे करायला सांगतात, आणि त्यामागे पक्कं कारण आहे. पापण्या मिटत आणल्या की बारीक रेघा पुसल्या जातात आणि उजेड-अंधाराचे मोठे ठोकळे उरतात. पहिल्या झटक्यात डोळ्याला हेच ठोकळे पुरतात. फ्रान्समध्ये सायमन थॉर्प आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये लोकांना एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरतं एकेक छायाचित्र दाखवलं आणि त्यात प्राणी आहे का, एवढंच विचारलं. चित्र समोर आल्यापासून सुमारे ०.१५ सेकंदात मेंदूतल्या लहरींत 'आहे' आणि 'नाही' यांचा फरक दिसू लागला. एवढ्या वेळात डोळ्याची एकही उडी होत नाही. लढाईच्या पानाचंही असंच होत असणार. कोणती बाजू चालून येते आहे, कुठे स्फोट झाला आहे, कोण पडलं आहे, हे त्या पहिल्या ठोकळ्यांतून कळलं नाही, तर पुढचे सगळे बारकावे वाया गेले.

पेरेझ यांनीच काढलेल्या 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या १९८५-८६ च्या बारा अंकांच्या मालिकेतल्या सातव्या अंकाचं मुखपृष्ठ आठवा. सुपरमॅनच्या हातांत सुपरगर्लचा निष्प्राण देह आणि मागे शोकात उभे नायक. मागची माणसंही मन लावून काढलेली आहेत, पण पुढची आकृती इतकी मोठी आणि इतकी मोकळी ठेवली आहे, की नजर दुसरीकडे आधी जाऊच शकत नाही. लढाई संपल्यावरचं चित्र आहे ते, आणि लढाईच्या कितीतरी चित्रांपेक्षा जास्त हलवून जातं.

झटापटीत आणखी एक पेच असतो. समजा एकाचा दंड दुसऱ्याच्या जबड्यामागून गेला आहे. कागदावर दोन्ही रेघाच. कोणती पुढची, कोणती मागची? मेंदू ते सांध्यावरून ओळखतो. दंडाची रेघ जबड्याच्या रेघेपाशी येऊन थांबली, इंग्रजी 'टी' अक्षरासारखा सांधा झाला, की थांबलेली रेघ मागची असं आपण न शिकता समजतो आणि झाकलेला दंड मनातल्या मनात पुरा करतो. पण दंडाची कड जबड्याच्या कडेला नुसती चाटून गेली, तर हा सांधाच तयार होत नाही आणि दोन माणसं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात. कॉमिक्सवाले याला 'टँजंट' म्हणतात आणि सापासारखे त्याला घाबरतात. दोनशे माणसांच्या चित्रात असे चिकटण्याचे प्रसंग हजारोंनी येत असतील. हा धोका टाळायचा, तर हात चार मिलिमीटर वर घ्यायचा, पुढच्या माणसाची बाह्यरेघ जाड करायची, मागच्याची बारीक. मूळ चित्र छापील पानाच्या साधारण दीडपट मोठं काढतात, म्हणून छपाईत लहान झाल्यावर कोणती रेघ टिकेल, याचाही अंदाज हातात मुरलेला असावा लागतो.

स्थिर चित्रात ठोसा बसतो कसा, हाही नवलाचाच भाग आहे. २००० साली झोई कुर्त्झी आणि नॅन्सी कानविशर यांनी माणसांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये छायाचित्रं दाखवली. काहींत खेळाडू ऐन हालचालीत होते, काहींत निवांत. छायाचित्रं सगळी स्थिर. तरी ऐन हालचालीतल्या चित्रांना मेंदूचा तोच भाग जास्त जोराने प्रतिसाद देत होता, जो एरवी खरीखुरी गती बघताना कामाला लागतो. त्याआधी १९८३ मध्ये जेनिफर फ्रेड यांनी दाखवलं होतं, की उडी मारणाऱ्या माणसाचं चित्र आपण मनात किंचित पुढे ढकलतो. त्याच उडीचं नंतरच्या क्षणाचं चित्र दाखवलं, तर 'हे ते नव्हे' म्हणायला लोकांना जास्त वेळ लागतो. म्हणून कसलेला चित्रकार ठोसा बसल्याचा क्षण काढण्याऐवजी बहुतेकदा त्याच्या आधीचा किंवा नंतरचा ताणलेला क्षण निवडतो. मधला क्षण वाचकाचा मेंदू स्वतः भरतो. मुठीमागच्या वेगाच्या रेघांनाही असाच आधार आहे. वेगाने जाणारी वस्तू आपल्या दृष्टीत खरंच एक फराटा सोडते, आणि मेंदू त्या फराट्यावरून दिशा ओळखण्याची मदत घेतो, असं विल्सन गाइस्लर यांनी १९९९ मध्ये मांडलं. चित्रकारांनी त्या रेघा त्याच्या कितीतरी आधीपासून ओढल्या होत्या.

आणि आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट, मार्व्हलचे चित्रकार जॅक कर्बी यांचे काळे ठिपके. १९६६ च्या 'फॅन्टॅस्टिक फोर' या कॉमिक्समध्ये ग्रह गिळणारा गॅलॅक्टस अवतरला, त्या काळात कर्बींच्या चित्रांत अवकाशातली ऊर्जा एका नव्या रूपात दिसू लागली. काळ्या शाईचे लहान-मोठे गोल थेंब घोळक्याने एकमेकांना बिलगलेले, आणि त्यांच्यामधून फुटणारा उजेड. वाचकांनी त्याला पुढे 'कर्बी क्रॅकल' हे नाव दिलं. जवळून बघितलं की लक्षात येतं, ऊर्जा कुठेच काढलेली नाही. काढला आहे तो अंधार, आणि उरलेली जागा उसळते आहे.

कर्बींपुढची अडचण समजून घ्या. त्या वेळी कॉमिक्स हलक्या, मळकट कागदावर छापत. निळा, किरमिजी आणि पिवळा या तीन शाया, प्रत्येकीच्या चार पायऱ्या (कोरी, पाव, अर्धी, पूर्ण), म्हणजे ४ × ४ × ४ = ६४ रंग, आणि वर काळा. अशा छपाईत कागदापेक्षा उजळ काहीच छापता येत नाही. मग तारा फुटताना दाखवायचा कसा? उजेड वाढवता येत नसेल, तर शेजार काळा करायचा. डोळा कोणत्याही जागेचा उजळपणा शेजारच्या तुलनेत ठरवतो. ओस्लोच्या ब्रुनो लेंग आणि टोर एंडेस्टाड यांनी २०१२ मध्ये याच्या जवळची एक गोष्ट मोजली. मधला पांढरा भाग आसपासच्या छटांमुळे झळाळतो असा भास करून देणारी चित्रं त्यांनी लोकांना दाखवली. खरा उजेड वाढलेला नसतानाही बघणाऱ्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचन पावल्या, उन्हात पावतात तशा. कर्बींच्या ठिपक्यांवर असा प्रयोग मी वाचलेला नाही, पण ते पान उघडल्यावर डोळे किंचित बारीक होतात ते उगाच नाही, असं मला ठामपणे वाटतं.

बघणाऱ्याचाही यात वाटा असतो. आल्फ्रेड यार्बस या रशियन संशोधकाने चित्रकार इल्या रेपिन यांचं, घरात अनपेक्षित पाहुणा आल्याचा प्रसंग दाखवणारं एकच चित्र एकाच माणसाला वेगवेगळे प्रश्न विचारून दाखवलं आणि दर वेळी डोळ्यांची वाट टिपली. घरातल्यांची वयं किती, असं विचारलं की नजर चेहऱ्यांवर फिरे. कपडे लक्षात ठेवा म्हटलं की अंगावरून. नॉर्वेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चित्रकलेचं शिक्षण न घेतलेल्यांची नजर चित्रातल्या माणसांवर जास्त खिळली, तर चित्रकारांची नजर रचनेवर आणि इतर भागांवरही हिंडली. म्हणून गर्दीच्या चित्राला दाद देताना "भारी" म्हणून थांबू नये असं मला वाटतं. एक प्रश्न घेऊन पुन्हा बघावं. उजेड कुठून येतो? सगळ्यात जाड रेघ कुणाला दिली आहे? नजर पानाबाहेर निसटू नये म्हणून कडेला काय ठेवलं आहे? दर प्रश्नाला डोळ्यांची वाट बदलते आणि त्याच पानात दुसरं पान सापडतं.

माझा भाचा नववीत आहे आणि वहीच्या मागच्या पानांवर अशा लढाया काढतो. परवा त्याला एका कार्डाला १.४ सेंटीमीटरचं भोक पाडून दिलं आणि म्हटलं, यातून पेरेझचं चित्र बघ. पंधरा मिनिटं तो एकेका पात्रावर ते भोक सरकवत होता. मग कार्ड उचलून त्याने सगळं चित्र एकदम पाहिलं, डोळे अर्धवट मिटून पाहिलं, आणि स्वतःची वही ओढली. त्याच्या चित्रातला स्फोट पिवळ्या स्केचपेनने गिरवून गिरवून कागद फाटायला आला होता. "मामा, काळं पेन कुठंय?" त्याने विचारलं, आणि स्फोटाच्या भोवती एकेक गोल ठिपका भरायला बसला.